फवारणी पंपाची बॅटरी आणि तुळशीरामची मिशी

वडपे गावच्या तुळशीरामला देवाने उंची बेताची दिली, डोक्यावरचे केस लवकर नेले आणि आवाज असा दिला की फोनवर समोरचा हमखास विचारायचा, ताई, शेठ आहेत का घरात? या सगळ्याची भरपाई देवाने मिशीत केली होती. दोन्ही टोकं वर वळलेली, काळीभोर (या वयात काळी कशी, हे विचारायचं नाही) आणि सदा चकचकीत. थंडीत ओठ फुटले की लावतात ती जेली; तिची डबी तुळशीरामच्या खिशात बाराही महिने असे. जरा वेळ मिळाला की बोट डबीत, मग डावीकडे एक पीळ, उजवीकडे एक पीळ. घरातला एक आरसा म्हणून पुसलेला राहत नाही, अशी हौसाची, म्हणजे त्याच्या बायकोची, लग्नापासूनची तक्रार होती.

ही मिशी तुळशीरामने पणाला लावली, आणि तीही भर हळदीत, डीजेच्या माईकवर.

हळद होती पोराची, हितेशची. आपल्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अंगण पुरेना, म्हणून तुळशीरामने हायवेलगतचा आपला रिकामा गाळा उघडून दिला. पूर्वी त्या जागी भात व्हायचा. आता तिथे पत्र्याचं गोदाम आहे आणि तुळशीरामला लोक शेठ म्हणतात. गाळ्यात अख्खं गाव नाचलं, जेवलं आणि हळदीचे हात खांबांना पुसून घरी गेलं. जेवणं चालू असताना हौसाचा धाकटा भाऊ दौलत बोलला. दापोड्याला दौलतचे दहा गाळे आहेत आणि तो नेहमी अकराव्याबद्दल बोलतो. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला की भावोजी हा गाळा बिस्किटांच्या कंपनीला देणार म्हणतात, पण आज इथे जेवढं सांडलंय त्यावर तालुक्यातले उंदीर जत्रा भरवतील.

तुळशीरामने डीजेवाल्याच्या हातातून माईक घेतला.

"या गाळ्यात उंदराचा एक जरी डाग निघाला ना, तर ही मिशी इथंच उतरवीन. न्हावी तू आण, दौलत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डीजेने भोंगा वाजवला. तुळशीरामला त्या घडीला फार बरं वाटलं, आणि माणसाला फार बरं वाटतं तेव्हाच त्याने माईकपासून लांब राहावं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

महिनाभराने कंपनीचा निरोप आला. सोमवारी आमचा देवेश नावाचा माणूस गाळा तपासायला येईल. त्याच्याकडे जांभळ्या किरणांचा दिवा असतो. साध्या उजेडात न दिसणारे उंदरांच्या मुताचे डाग त्या दिव्याखाली निळसर पांढरे चमकतात. सोबत नमुन्याचा फोटोही होता. तो बघून तुळशीरामचा हात आपसूक मिशीवर गेला. आजवर न दिसणाऱ्या डागाची भीती त्याला नव्हती. न दिसणारं दिसायला लागणार म्हटल्यावर झोप उडाली. देवेशच्या आधी आपणच गाळा तपासायचा आणि काय असेल ते पुसून काढायचं, असं त्याने ठरवलं.

दिवा घरातच निघाला. नवी सून मृणाली हिचं भिवंडीत नखांचं पार्लर होतं. नखांवर जेलचा रंग लावला की तो असल्याच किरणांखाली वाळवतात. घरोघरी जाऊन नवऱ्यामुलींची नखं करण्यासाठी तिने या अल्ट्राव्हायोलेट एलईडींच्या दोन पट्ट्या घेऊन ठेवल्या होत्या. दिव्याचं भागलं. पण गाळ्यातला आधीचा भाडेकरू गेला तेव्हा मीटरही गेला होता. आत वीज नव्हती. म्हणजे बॅटरी पाहिजे, आणि ती उचलून नेता येईल अशी पाहिजे.

तुळशीराम म्हणाला, बॅटरीचं माझ्यावर सोड. मृणाली घरात नवी होती, तिने सोडलं.

संध्याकाळी तुळशीरामने बोलावलेला मालवाहू ट्रेलर अंगणासमोर उभा राहिला. त्याच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या, मिळून चोवीस व्होल्ट. मृणालीने हात जोडून सांगितलं की बाबा, ही पट्टी बाराची आहे. तुळशीरामला ते पटेना. दारात पाहुणा आला तर आपण त्याला मोजून वाढतो का? जास्तच वाढतो, आणि नको नको म्हणत तो खातो. याच न्यायाने त्याने तारा जोडल्या. पट्टी अशी लखलखली की समोरच्या घरातली कोंबडी खुराड्याबाहेर आली. मग जळका वास सुटला, आणि एक पट्टी कायमची विझली.

मृणाली चिडली नाही. तिने सासऱ्याला त्याच्याच भाषेत समजावलं. व्होल्ट म्हणजे आग्रह. बाराच्या पट्टीला चोवीसचा आग्रह केला की तिचं पोट फुटतं. बॅटरी किती मोठी, ते म्हणजे टोप किती मोठा. टोप कितीही मोठा असू दे, पाहुणा भुकेपुरतंच घेईल. आग्रह तेवढा बेताचा पाहिजे. तुळशीरामने मान डोलावली. आपल्या हाताखाली आजवर किती पाहुणे जळाले असतील, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याकडून बारा व्होल्टची लिथियमची बॅटरी घेऊन आला. कुठल्याशा इलेक्ट्रिक स्कूटरमधून काढलेली, निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली आणि मधोमध टम्म फुगलेली. तो खूश होता. त्याचं म्हणणं, बाकीच्या चपट्या होत्या, हीच तेवढी भरलेली होती.

मृणालीने ती बघितली आणि दोन पावलं मागे सरली. फुगलेली बॅटरी म्हणजे भरलेली नाही, आतून बिघडलेली. तिला टोचलं, चेपलं, चार्जिंगला लावलं तर ती पेट घेईल. हे ऐकताच हौसाने कसलीही चर्चा केली नाही. तिने चुलीचं फावडं आणलं, बॅटरी अलगद त्यावर घेतली आणि मेलेलं जनावर न्यावं तशी हात लांब धरून परसात नेली. तिथल्या बांधकामाच्या रेतीच्या ढिगाजवळ ती ठेवली, वर घमेलंभर रेती घातली. मग परत येऊन नवऱ्याला म्हणाली, "जल्ला मेला तुमचा शोध. घर जाळून मिशी राखणार हाव काय?"

मग हितेशची पॉवर बँक झाली. तिच्यावर मृणालीचा एका नखापुरता छोटा दिवा लावला तर तो लागे आणि थोड्या वेळाने आपोआप विझे. मृणाली म्हणाली, छोटा दिवा फारच थोडं खातो, त्यामुळे बँकेला वाटतं की पंगतीत कोणी बसलेलंच नाही, आणि ती दुकान बंद करते. तुळशीरामने बँकेला जागी ठेवायला सोबत हौसाचा फोन चार्जिंगला लावला. बँक जागी राहिली, पण फोनवर हौसाच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला, आणि वडप्याच्या मिशीची आणि उंदरांची सगळी हकीगत तिच्या गावाला, दिघाशीपर्यंत पोचली.

शेवटी बॅटरी सापडली ती हौसाच्या वांग्यांमध्ये.

शेती गेली तरी हौसाने परसात वांगी, मिरच्या आणि वाल सोडले नव्हते. त्यांच्यावर औषध मारायला तिच्याकडे पाठीवरचा फवारणी पंप होता, बॅटरीवर चालणारा, आणि ती तो पोटच्या पोरासारखा जपे. वेळेवर चार्ज करी, त्याचाच चार्जर वापरी, उन्हात ठेवू देत नसे. मृणालीने पंप उलटा करून बुडाचं लेबल वाचलं. बारा व्होल्ट, बंद डबीतली बॅटरी, वर खांद्याला पट्टे. तिला एवढा आनंद झाला की तिने सासूला मिठी मारली. टाकी धुऊन वाळवली. उरलेली पट्टी पंपाच्या लांब नळीच्या टोकाला बांधली. बॅटरीजवळच्या तारेत एक बारीक फ्यूज बसवला, म्हणजे कुठे तारेला तार चिकटलीच तर आधी तो जाईल, माणूस नाही. आणि ही किरणं डोळ्यांना वाईट, म्हणून सगळ्यांसाठी पार्लरमधले फिकट पिवळे चष्मे काढले. दिव्यात थेट बघायचं नाही, कोणाच्या तोंडावर धरायचा नाही, असंही बजावलं.

तुळशीरामला पिवळा चष्मा बायकी वाटला. त्याने शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगचा काळा चष्मा मागून आणला.

शनिवारी दुपारी शटर खाली ओढून, झरोके गोणपाटाने झाकून सासू, सासरा आणि सून अशी तिघं गाळ्यात शिरली. पंप तुळशीरामच्या पाठीवर. तो नळी फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वाटेत तीन खांबांना धडकला आणि परत येऊन म्हणाला की गाळा आरशासारखा स्वच्छ आहे, एक डाग नाही. मृणालीने त्याच्या डोळ्यांवरचा वेल्डिंगचा चष्मा काढून पिवळा बसवला.

आता गाळा दिसला. खांबाखांबावर हिरवट पिवळे हात उमटलेले होते, मोठे, लहान, एकावर एक. हळद. महिनाभरापूर्वी गावाने पुसलेले हात त्या किरणांखाली पेटल्यासारखे उठून आले होते. गुडघ्याएवढ्या उंचीवर पोरांचे चिमुकले पंजे, आणि एका खांबावर अगदी उंच, कोणाच्या तरी खांद्यावर बसून लावलेला एक. हौसा तोंडाला पदर लावून बघत राहिली. तुळशीरामलाही गलबलून आलं. आपल्या गाळ्याने एवढी माणसं अंगावर जपून ठेवली आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि तेवढ्यात त्याला दुसरे डाग दिसले. निळसर पांढरे, बोटभर, पुसट. शटरच्या कडीला, खांबांच्या कडांना, मीटरच्या रिकाम्या पेटीवर. त्याने फोनमधला नमुन्याचा फोटो उघडला आणि डागाशेजारी धरला. रंग तोच.

मृणाली म्हणाली की उंदीर छातीच्या उंचीवर कशाला जातील? तुळशीराम पडलेल्या आवाजात म्हणाला, उंदीर चढतात. मग थोडा विचार करून म्हणाला, दौलतने सोडलेले असतील तर शिकवून सोडले असतील.

यात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. पंप तुळशीरामच्या पाठीवर आणि नळी त्याच्या हातात होती, त्यामुळे उजेड गाळ्यातल्या सगळ्या वस्तूंवर पडला, फक्त एकीवर पडला नाही.

रविवार घासण्यात गेला. आधी कपड्याची पावडर वापरली, तर संध्याकाळी दिव्याखाली सगळी भिंतच चांदणं पडल्यासारखी चमकायला लागली. कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात ते या किरणांना फार आवडतं, असं मृणालीने फोनवर वाचून सांगितलं. मग नुसत्या पाण्याने पुन्हा सगळं धुतलं. निळे डाग गेले. हळदही गेली, फक्त तो उंचावरचा पंजा हौसाने पुसू दिला नाही. पिंजऱ्यात सुका बोंबील लावला आणि राखणीला शेजारची मांजर आणून सोडली.

सोमवारी सकाळी तुळशीराम एकटाच बघायला गेला. पिंजऱ्यात मांजरीचं डोकं अडकलं होतं. उंदीर नव्हता, उंदराची लेंडी नव्हती, उंदराचा वासही नव्हता. मांजर सोडवून तो छाती काढून गाळाभर फिरला, मिशीला पीळ देत, घोडा थोपटावा तसा एकेक खांब थोपटत. घरी आला तर हौसा चहा घेऊन ओट्याजवळ उभी. मिशी वाचली, असं त्याने सांगितलं, आणि आनंदाच्या भरात इकडेतिकडे बघून त्याने जे केलं ते या वयात करतात का, यावर आपण कशाला बोलायचं. हौसा नुसती "चहा सांडंल" म्हणाली. तोंड धुवायला मात्र तिला वेळ झाला नाही, कारण हाका आल्या.

देवेश दौलतच्या गाडीतून उतरला. पांढरा कोट, डोक्यावर जाळीची टोपी, पोरगेलासा पण कामाला चोख. सकाळपासून त्याने दौलतचे गाळे तपासले होते, कारण हा गाळा नापास झाला तर कंपनी दौलतचा घेणार होती. मागच्या सीटवरून रामू न्हावी उतरला, वस्तरा, वाटी आणि घडीची खुर्ची घेऊन. खुर्ची त्याने शटरसमोर सावलीत मांडली. गावातलीही बरीच मंडळी सहज आली होती.

आत जाऊन देवेशने आपला दिवा लावला. तो मिणमिणला आणि विझला. दहा गाळ्यांत त्याची बॅटरी संपली होती. देवेश म्हणाला, सॉरी शेठ, पुढच्या आठवड्यात येतो. तेवढ्यावर भागत होतं. पण दौलत हसला, आणि तुळशीरामला ते सोसलं नाही. आमच्याकडे दिवा आहे, असं तो म्हणाला, आणि बॅटरी कंपनीच्या बॅटरीपेक्षा चांगली आहे.

देवेशने पंप पाठीला लावला, चष्मा चढवला आणि कळ दाबली. बॅटरी खरोखरच फार चांगली निघाली.

शटरची कडी चमकली. पहिला खांब चमकला, दुसरा चमकला. निळसर पांढरे, बोटभर, ताजे. तुळशीराम खांबामागून खांब बघत गेला. काल रात्री घासलेले खांब, सकाळी उंदराचा मागमूस नाही, आणि हे डाग आले कुठून? दौलतने काही न बोलता बाहेर रामूला हात केला. बाहेर वाटीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

तेव्हा हौसा पुढे आली. आम्ही काल हाताची सालं निघेपर्यंत घासलंय, नीट बघा, असं ती देवेशला सांगू लागली. देवेश तिच्याकडे वळला, त्याच्याबरोबर नळीही जराशी वळली, आणि तो थांबला. मग त्याने मोठ्या अदबीने नळी खाली केली.

"मॅडम," तो म्हणाला, "वही निशान आपके गाल पे भी है."

सगळ्यांनी बघितलं. हौसाच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, निळसर पांढरा डाग होता. रुंद, दोन्ही बाजूंना जरा वर वळलेला. मृणालीने बघितलं आणि घाईघाईने स्वतःची नखं तपासायला घेतली. दौलतला काहीच कळलं नाही. त्याने खऱ्या काळजीने विचारलं की बाय, तुला झोपेत उंदीर चावला काय?

हौसाच्या लक्षात सगळं आलं. तोंडाला क्रीम लावलीय, एवढं ती म्हणाली असती तर संपलं असतं. पण मग खांबांवर काय होतं, ते सांगायला कोणी उरलं नसतं. गाळा गेला असता आणि मिशीही. तिने मान खाली घातली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं तुळशीरामला नीट कळलं. बोलायचं तर तुम्ही बोला, नाहीतर बोलू नका, मी आहे तशी उभी राहते.

समोर मेव्हणा, सून, कंपनीचा माणूस, आणि जराशा उघड्या शटराखालून डोकावणारं निम्मं वडपं. तुळशीरामला मिशी फार प्रिय होती, आणि चारचौघांत बायकोचं नाव घ्यायलाही तो लाजायचा. त्याने खिशातली डबी काढली, झाकण उघडलं आणि देवेशसमोर धरली. आतली जेली चांदीसारखी उजळली.

"त्यो उंदीर मीच हाय," तो म्हणाला. "खांबावरचा पन, आनि गालावरचा पन."

देवेशने डोळे मिटायला सांगून नळी क्षणभर त्याच्याकडे फिरवली. अंधारात तुळशीराम दिसेना, फक्त मिशी दिसली, दोन्ही टोकं वर वळलेली, निळीपांढरी, हवेत तरंगणारी. बाहेर कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. देवेशने हातमोज्याचं बोट खांबावर फिरवलं, चिकट लागलं, नाकाशी नेलं आणि त्यालाही हसू आवरेना.

गाळा पास झाला. अट एकच: बिस्किटांचं गोदाम आहे, तेव्हा आत येणाऱ्याच्या तोंडाला असलं काही लावलेलं चालणार नाही. दौलत म्हणायला लागला की डाग तर निघाले, पैज म्हणजे पैज. हौसाने त्याला तिथेच अडवलं. पैज उंदराच्या डागाची लागली होती, नवऱ्याच्या नाही, आणि यावर तुला आणखी बोलायचं असेल तर आईला फोन लावते. रामू एवढ्या लांबून आलाच होता, म्हणून त्याच खुर्चीवर बसवून दौलतची दाढी करून दिली.

दुसऱ्या दिवशी तुळशीरामला किल्ल्या द्यायला गाळ्यावर जायचं होतं. मिशीला काही लावलेलं नव्हतं. दोन्ही टोकं उन्हात वाळवलेल्या बोंबलासारखी ओठांवर लोंबत होती आणि तो आरशासमोरून मान वळवून जात होता. हौसाने चहा आणून दिला आणि त्याच्याकडे निरखून बघितलं.

"आज काय लावलं न्हाय ना?"

तो न्हाय म्हणाला, अगदी पडलेल्या आवाजात. हौसाने कप त्याच्या हातातून काढून ओट्यावर ठेवला, दाराबाहेर कोणी नाही हे एकदा बघून घेतलं, आणि गाल पुढे केला.